बेकरीपासून शंभर मीटर उत्तरेला

एकतीस वर्षं मी कार्तागोच्या शाळेत भूगोल शिकवला. मंगोलियाची राजधानी कोणती, नाईल कुठे उगम पावते, कर्कवृत्त कुणाकुणाच्या डोक्यावरून जातं, हे मी चार हजारांवर पोरांच्या डोक्यात घातलं. त्यातलं किती आत राहिलं तो भाग वेगळा. अशा माणसाला गेल्या मे महिन्यात इस्पितळाच्या खिडकीतून, काचेपलीकडच्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीने सांगितलं, की तो जिथे राहतो ती जागा सापडत नाही. दिव्याखाली अंधार असतो हे मलाही माहीत आहे. पण इथे दिवाच जागेवर नाही असं म्हणणं होतं. मी तिथल्या तिथे आवाज चढवला, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

आमचा पत्ता साधा आहे. 'ला गार्सा बेकरीपासून शंभर मीटर उत्तरेला, पंचवीस मीटर पूर्वेला, हिरवं फाटक.' आमच्या एल होकोताल वस्तीत सगळ्यांचे पत्ते असेच. सगळ्या देशातच असेच. उत्तर म्हणजे ज्वालामुखीकडची बाजू आणि शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, मग ती गल्ली भरो न भरो. आमची गल्ली त्र्याऐंशी मीटर आहे. शहाण्णव साली एका रविवारी मी स्वतः टेप लावून मोजली. टेपचं दुसरं टोक धरायला बायको, नोएमी, होती. गल्लीतले लोक दारात खुर्च्या टाकून ते बघत होते. सतरा मीटरांची ही राष्ट्रीय लबाडी मी नगरपालिकेला लेखी कळवली, त्याला उत्तर आलं नाही. बहुतेक त्यांना माझा पत्ता सापडला नसावा.

तर ती ला गार्सा बेकरी टाळेबंदीच्या दुसऱ्याच महिन्यात बंद पडली. मालकीणबाई मुलीकडे लिमोनला निघून गेल्या, गार्सा म्हणजे बगळा, तो भिंतीवर रंगवलेला तेवढा राहिला. आता आमच्याकडे दुकान मेलं म्हणून पत्ता मरत नाही. माझ्या जन्माआधी तोडलेल्या अंजिराच्या झाडापासून लोक अजून मीटर मोजतात. बेकरीच्या आधी 'पूर्वीची' हा शब्द लावला की झालं. पण महामारीत त्या जागेला स्वस्थता कशी ती मिळाली नाही. आधी तिथे मास्क विकायचं दुकान निघालं. मग चाचणीचा तंबू आला, नाकात काड्या घालायचा. मग तंबू गेला आणि सहा महिने तिथे एक मांजर राहत होतं. शेवटी कुणीतरी बगळ्यावर जांभळा रंग फासला आणि कुत्र्यांचे केस कापायचं दुकान थाटलं. घरातून कुणी बाहेर पडत नव्हतं आणि घरात कुणी येत नव्हतं, त्यामुळे आपला पत्ता हळूहळू वितळतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता कुणी म्हणेल, घराला नंबर नाही का. आहे. नगरपालिकेने कधीतरी हौसेने सगळ्या घरांना निळ्या पाट्या दिल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्या कोंबड्यांच्या खुराड्यांना ठोकल्या. मी एकट्याने दारावर लावली. अव्हेन्यू सात, घर क्रमांक चौदा. दर शनिवारी मी ती पाटी व्हिनेगरने पुसतो. आजवर त्या पाटीवरून आमच्या घरी एक माणूस आलेला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नोएमीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती ती वीस सालच्या चोवीस मार्चची. त्याच्या आठवडाभर आधी सगळं बंद झालं. 'परिस्थिती निवळली की कळवू,' असं सांगण्यात आलं. परिस्थिती निवळायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्या अवधीत नोएमीची नजर गढूळ होत होत पार निवडुंगाच्या सरबतासारखी झाली. ती कॉफी ओतते ती आवाजावरून. साखरेऐवजी मीठ घालते आणि मी गुमान पितो. समोरच्या लुदोविनाबाईंनी वाळत घातलेल्या झग्याला ती रोज सकाळी 'बऱ्या आहात ना?' विचारते, आणि झगा हलला की समाधानाने आत येते. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या मुलींच्या लग्नाचे पोशाख शिवले. ते मशीन दोन वर्षं चादरीखाली झाकून पडलं होतं. ती स्वतः कधी तक्रार करत नाही. दोघांची तक्रार मीच करतो.

मे महिन्यात मास्क उतरले. बसमध्ये माणसं पुन्हा एकमेकांच्या पायांवर उभी राहू लागली, मैदानावर फुटबॉल सुरू झाला, आणि एके दिवशी लुदोविनाबाई आमच्या फाटकाशी येऊन सांगू लागल्या, की त्यांना इस्पितळातून फोन आला, गुडघ्याची तारीख मिळाली.

"तुमचं नाव यादीत कधी घातलं होतं?" मी विचारलं.

"एकवीसच्या जानेवारीत. का हो मास्तर?"

आमचं एकोणीसच्या जुलैत घातलं होतं. म्हणजे आमच्यानंतर दीड वर्षाने. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गुडघ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण रांग ही रांग असते. मी शर्ट बदलला आणि निघालो.

इस्पितळाच्या दारात पायाने दाबायचं हात धुण्याचं बेसिन अजून उभं होतं. पाणी मात्र नव्हतं. पहारेकऱ्याने तरी मला दाबायला लावलं. मग म्हणाला, "मास्क?"

"सरकारने मास्क काढले. तुम्हांला कळलं नाही वाटतं?"

"देशात काढले असतील. या दारात नाही काढले."

समोरच्या टपरीवर मास्क मिळत होते. काळे होते, त्यांवर एका फुटबॉल संघाचं चिन्ह होतं, आणि तो संघ आमच्या कार्तागोचा नव्हता. सत्तर वर्षांच्या निष्ठेवर असा डाग घेऊन मी खिडकीत उभा राहिलो. काचेला बोलायचं भोक कमरेइतक्या उंचीवर पाडलेलं होतं. बोलायचं असेल तर वाकायचं. वाकल्यावर माणसाचा राग निम्मा होतो, हे भोक पाडणाऱ्याला ठाऊक असावं. मी वाकलो आणि सांगितलं, "नोएमी कोतो. दोन्ही डोळे."

मुलीने बटणं दाबली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर मारिसेल असं नाव होतं. "पत्र दोनदा पाठवलंय," ती म्हणाली. "दोनदा परत आलंय."

"का म्हणून?"

"इथे शेरा आहे. 'खूण सापडली नाही.'"

"बेकरी बंद झाली. जागा तिथेच आहे. 'पूर्वीची बेकरी' लिहा की."

"पूर्वीच्या खुणा आता चालत नाहीत सर. पत्रं वाटणारे सगळे नवीन आहेत, सान होसेचे. त्यांना आपल्याकडचं पूर्वीचं काय माहीत असणार? खूण चालू पाहिजे."

"चालू म्हणजे?"

"उघडी. परवाना असलेली."

मी सरळ झालो, कंबर चोळली, पुन्हा वाकलो. माझ्याकडे हुकमाचं पान होतं. "अव्हेन्यू सात, घर क्रमांक चौदा."

"हे काय आहे?"

"हा पत्ता आहे."

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघू लागली. "याला रकाना नाही हो सर."

मग निघाला फोनचा प्रश्न. त्यांनी सहा वेळा फोन केला होता म्हणे, कुणी उचलला नाही. कोण उचलणार? कागदावर नंबर होता तो बेकरीचा. फाइल उघडली त्या साली आमच्याकडे फोन नव्हता. कुणाचाही फोन आला की बेकरीवाल्या बाई पोऱ्याला धाडत, आणि आम्ही निरोपाबरोबर पावही घेऊन येत असू. मी म्हटलं, नवा नंबर घ्या, लिहून घ्या. मारिसेल म्हणाली, "नंबर बदलायला आधी पत्ता पडताळलेला पाहिजे."

"आणि पत्ता पडताळायला?"

"पत्र पोचलं पाहिजे."

रांगेत माझ्यामागे कुणीतरी खोकलं. महामारीनंतर खोकला ऐकला की माणसं पांगतात, तशी पांगली. मला जरा मोकळी जागा मिळाली. मी विचारलं, तिसऱ्यांदा पत्र परत आलं तर काय होतं.

"नाव यादीच्या शेवटी जातं."

"शेवट कुठे आहे?"

तिने पडद्यावर बोट फिरवलं. "तीन हजार आठशे बारा."

हिशेब मी तिथेच केला. नोएमी एकाहत्तर वर्षांची आहे. तीन हजार आठशे बारावा नंबर लागेपर्यंत ती ऐंशीच्या घरात जाते. या एका गोष्टीवर मला ओरडता आलं नाही. पत्रांची पुढची फेरी पुढच्या आठवड्यात, बुधवार ते शुक्रवार. त्याआधी मी चालू खूण आणून द्यायची.

संध्याकाळी एव्हेलियोच्या कठड्यावर बैठक बसली. एव्हेलियो म्हणजे आमच्या मार्गावर तीस वर्षं बस चालवलेला गृहस्थ. त्यामुळे रस्ते आपल्या मालकीचे आहेत असा त्याचा समज आहे.

"बसथांब्यापासून द्या, मास्तर," तो म्हणाला. "थांब्यापासून वर दोनशे."

"थांबा कुठाय?" मी म्हटलं. "चाचणीच्या तंबूपुढे गर्दी नको म्हणून तो साठ मीटर सरकवला. तंबू गेल्यावर तीस मीटर परत आणला. आता खांब एकीकडे आणि माणसं दुसरीकडे उभी राहतात. आणि 'वर' म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर. ज्वालामुखीकडे."

"बाजाराकडे म्हणजे वर," लुदोविनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे आजीपासून बाजारालाच वर म्हणतात."

यावर त्या दोघांची वीस मिनिटं जुंपली. मी नकाशा काढून दाखवावा म्हणून उठलो, तर दोघांनी एकमताने मला खाली बसवलं. मग लुदोविनाबाईंनी त्यांच्या अवोकाडोच्या झाडापासून पत्ता द्यायला सांगितलं. झाडाला परवाना कोण देणार, असं मी विचारलं. त्या दुखावल्या. झाडाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं म्हणाल्या. कुणी पाण्याची टाकी सुचवली. कुणी टेकडीवरचं प्रार्थनाघर सुचवलं, जे सहाशे मीटरवर आहे आणि वाटेत तीन वळणं. एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी आमच्या फाटकातून नोएमीचा आवाज आला. "अहो, जवळ कुत्र्यांचं दुकान आहे ना? ते चालू आहे. रोज भुंकणं ऐकू येतं मला."

ज्या बाईला काही दिसत नव्हतं तिला हे सुचलं. भूगोलाच्या माणसाला सुचलं नाही, याची मी मनातल्या मनात नोंद केली.

दुकानाचं नाव 'पेलुदितोस', म्हणजे केसाळ बाळं. मालकीण निघाली योर्लेनी. हिला मी नववीत नापास केलं होतं, कारण नकाशात उत्तर कुठे म्हटल्यावर तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं होतं. तिच्या एका हातात कातर होती आणि दुसऱ्यात एक ओला कुत्रा.

"सर, तुम्ही? बसा ना. कुत्रा आणलाय?"

"मी तुझ्याकडे परवान्याची नक्कल मागायला आलोय." मी तिला सगळं सांगितलं.

"अय्या, नोएमीताईंच्या डोळ्यांसाठी? माझा पहिला झगा त्यांनी शिवला होता. घ्या ना." तिने ओल्या हाताने कागद पाकिटात घालून दिला. "सर, आणि उत्तर खिडकीबाहेरच होती हो. ज्वालामुखी दिसत होता तिथून."

ती बरोबर होती. वर्गाची खिडकी उत्तरेकडेच होती. पण नकाशात म्हटलं होतं मी, खिडकीत नव्हे. ही चर्चा मी वाढवली नाही, कारण पाकीट माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत वाकून पाकीट सरकवलं. चष्म्यावर मास्कमुळे वाफ धरली होती. कागद मी वाचला नव्हता, हे इथे कबूल करतो. मारिसेलने तो उघडला, डोळे बारीक केले, आणि काचेच्या भोकातून मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं.

"'पेलुदितोस. पत्ता, मास्तर एलादियो ब्रेनेस यांच्या घरापासून पंचवीस मीटर पश्चिमेला, शंभर मीटर दक्षिणेला.'" तिने मान वर केली. "सर, मास्तर ब्रेनेस कोण?"

"मी."

"मग तुमचं घर कुठे आहे?"

"या दुकानापासून शंभर मीटर..." इथे मी थांबलो.

रांगेतलं कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. एका म्हाताऱ्या गृहस्थाला शेजारच्याने पुन्हा समजावून सांगितलं, आणि मग तेही हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा आणि काख एकमेकांचा पत्ता विचारत होते. एका सरकारी परवान्याने, शिक्का मारून, माझं घर चालू खूण आहे असं मान्य केलं होतं. फक्त माझ्या घराला माझ्या घरी पोचायला ती खूण वापरता येत नव्हती. नापास केलेल्या मुलीने माझ्या नावावर दुकान उघडावं आणि मला त्याचा काडीचाही उपयोग होऊ नये, याला काय म्हणायचं?

"सर, काहीतरी दुसरं सांगा," मारिसेल हळू म्हणाली. ती हसत नव्हती, हे तिच्याबद्दल नमूद करतो. "त्या कोपऱ्यावर असं काय आहे, जे पुढच्या बुधवारी नक्की तिथे असेल?"

"मी असेन."

"तुम्ही?"

"मी. खुर्ची टाकून. सकाळी सातपासून. परवाना नाही, पण चालू आहे."

तिने मागे वळून बघितलं. साहेब कॉफीला गेलेला होता. मग तिने 'इतर सूचना' नावाचा रकाना उघडला. त्यात चाळीस अक्षरं मावत होती. तिने टाइप केलं, मोजलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, आणि पडदा माझ्याकडे वळवला. 'पूर्वीची बेकरी. कोपऱ्यात खुर्चीवर चिडके मास्तर.'

"चिडके काढा," मी म्हटलं.

"पत्रवाल्याला ओळखता यायला हवं ना सर."

"मी अजिबात चिडका नाही." हे वाक्य जरा मोठ्याने निघालं. पहारेकरी दारातून आत डोकावला. मारिसेलने बटण दाबलं, आणि मी अधिकृतपणे चिडका झालो.

घरी आल्यावर नोएमीला मी पत्ता दुरुस्त झाला एवढंच सांगितलं. ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होती. दोरा सुईच्या दोन बोटं पलीकडून जात होता. "मिळेल ना हो तारीख?" तिने विचारलं. दोन वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, मिळेल. मला त्या क्षणी फार भीती वाटली. त्यामुळे मी सरकारवर जरा जास्तच बोललो.

बुधवारी सकाळी सातला मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि हिरवी छत्री घेऊन कोपऱ्यावर बसलो. नऊ वाजेपर्यंत मला सात जणांनी तब्येत विचारली. दोघांना वाटलं नोएमीने घराबाहेर काढलं. एका बाईने तर समजूत घालायला केळीच्या पानातलं ताट आणलं, भात, घेवडा आणि तळलेलं केळं. ते मी घेतलं, पण गैरसमज मात्र दूर केला. अकराला गॅसची गाडी थांबली. चालक विचारू लागला, पाण्याच्या टाकीपासून पन्नास दक्षिणेला म्हणजे कुठे. मी सांगितलं. मग पिझ्झावाला थांबला. त्यालाही सांगितलं. दुपारपर्यंत मी एकोणीस जणांना रस्ता दाखवला. टाळेबंदीत सान होसेहून आलेल्या या नव्या पोरांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. शाळेत असतो तर सगळ्यांना नापास केलं असतं.

गुरुवारी गोष्ट हाताबाहेर गेली. एव्हेलियो फोनवर कुणाला तरी सांगत होता, तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "मास्तर बसलेत ना कोपऱ्यात, तिथून चाळीस मीटर खाली."

"एव्हेलियो, माझ्यापासून पत्ता देऊ नका."

"का? तुम्ही तर थांब्यापेक्षा बरे. जागचे हलत नाही."

लुदोविनाबाईंच्या घरी गुडघ्यासाठी कुणी व्यायामवाली यायची होती. तिलाही माझ्यापासूनच पत्ता गेला, आणि ती माझ्यासमोर उभी राहून मला नीट निरखून म्हणाली, "हां, म्हणजे तुम्हीच." चिडके या शब्दाची बातमी इस्पितळातून गल्लीत कशी आली ते मला कळलं नाही, पण आली होती. दुपारी योर्लेनी एक पांढरा कुत्रा माझ्या मांडीवर ठेवून गेली, "सर, दहाच मिनिटं," म्हणून. त्याला पाऊण तास झाला. शेपटीला जांभळी फीत होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत जी प्रतिष्ठा मी टिकवली, तिचं काय झालं हे त्या पाऊण तासात ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

दोन्ही दिवस पत्रवाला आला नाही.

शुक्रवारी मी सहालाच बसलो. मोटारसायकलचा आवाज आला की उठायचो. त्यातली एक दूधवाल्याची होती, एक पोलिसाची, एक पाद्रीबुवांची. पाद्रीबुवा म्हणाले, धीर धरा एलादियो. मी त्यांना म्हटलं, धीर मी वीस सालापासून धरलेला आहे. दोनला पाऊस आला. योर्लेनीने आत या म्हणून खूप विनवलं, पण आत गेलो तर खूण राहत नाही. छत्रीखाली पाय भिजत मी तिथेच बसलो. नोएमीने दोनदा निरोप पाठवला, घरी या. मी एकदाही गेलो नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. चारला त्यांची कचेरी बंद होते. तीन हजार आठशे बारा हा आकडा मला समोरच्या भिंतीवर लिहिल्यासारखा दिसत होता, आणि ती भिंत जांभळी होती.

चारला दहा मिनिटं कमी असताना वरच्या बाजूने, आमच्या गल्लीतूनच, एक मोटारसायकल उतरत आली. पाठीला इस्पितळाची पिशवी होती आणि ती रिकामी होती. मी छत्री टाकून रस्त्यात आडवा उभा राहिलो. पत्रवाल्याने ब्रेक दाबला, माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"तुम्हीच ती खूण ना?"

"मीच."

"मग उठा आता. पत्र पोचलं. पाऊण तास झाला."

"कुठे पोचलं? कसं पोचलं?" माझा आवाज फाटला. "मी तीन दिवस इथे बसलोय."

"पूल बंद होता, म्हणून मी वरून आलो. वरच्या किराणावाल्याला विचारलं, कोपऱ्यात बसणारे चिडके मास्तर राहतात कुठे. त्याने हात करून दाखवलं."

"मी इथे बसलेलो असताना तुम्ही माझं घर विचारलंत?"

"तुम्ही कुठे बसलाय ते कशाला विचारू? पत्र घरीच द्यायचं असतं." त्याने शिरस्त्राणाचा पट्टा आवळला. "काकूंनी कॉफी दिली. छान होती. मीठ जरा जास्त होतं, पण पावसात बरं वाटलं."

तो गेला. मी खुर्ची उचलली. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी मला काही विचारलं नाही. सगळे दारांतून नुसते बघत होते. त्र्याऐंशी मीटर मी किती वेळात चाललो ते मला सांगता येणार नाही.

नोएमी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पत्र समोर होतं आणि त्यावर तिचा तळहात होता. पाकीट फोडलेलं नव्हतं. लुदोविनाबाई दारातच होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "मी म्हटलं वाचून दाखवते, तर देईनात. तुम्हीच वाचायचं म्हणाल्या." आणि त्या गुडघा सांभाळत निघून गेल्या.

मी हात पुसले. पाकीट फोडलं. कागद ओला होऊ नये म्हणून लांब धरला. चौदा जून, मंगळवार, सकाळी सहा वाजता, उपाशीपोटी, सोबत एक माणूस आणावा. 'उपाशी' हा शब्द चुकीचा लिहिला होता. तिथे थांबून मी त्यावर काहीतरी बोललो, कारण पुढचं नीट वाचता येत नव्हतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, ते फक्त तारखेचं. मग तिने माझ्या तोंडाच्या दिशेने हात पुढे केला. तो आधी माझ्या कानाला लागला, मग वर डोक्याकडे गेला. महामारीत न्हावी बंद होते तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःचे केस स्वतः कापत आलो आहे. मला ते जमतं असं वाटत होतं. कुणी तसं नाही म्हणून सांगितलंही नव्हतं. तिने बोटांनी चाचपून बघितलं, एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं, आणि दोन्हींत किती फरक आहे ते बराच वेळ मोजलं.

"चौदा तारखेच्या आत न्हाव्याकडे जाऊन या," ती म्हणाली. "दोन वर्षांनी बघणार मी तुम्हांला. जरा बरे दिसा."

मी चिडून म्हटलं, की मी आहे तसाच दिसेन. पण दुसऱ्या दिवशी न्हाव्याचं दुकान उघडायच्या आधीच मी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो.